शेअरचं बटणच गेलं

आज सकाळी सांगलीत विश्रामबागला चहाच्या गाड्यावर बसून नेहमीसारखं वाचायचं ॲप उघडलं तर मित्रांचा कप्पाच गायब! अपडेट आलाय म्हणे. शेअर नाही, फॉलो नाही, लेखाखाली टीप लिहायची सोय नाही, सगळं काढून टाकलंय, आणि एका शब्दानं आधी सांगितलं नाही याचा जास्त राग आलाय.

नुसतं वाचायला काय हो, आरएसएस फीड, म्हणजे वेबसाइटवरच्या नव्या लेखांची आपोआप येणारी यादी, असलं कुठलंही ॲप गोळा करून देतं, पण मी याच्यात जायचो ते माणसांसाठी. २०१९ च्या महापुरात इथल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं तेव्हा मिरजेच्या एक ताई कोयनेचा विसर्ग, अलमट्टीची पातळी यावरचे लेख रोज शोधून टाकायच्या आणि खाली दोन ओळीत समजावून सांगायच्या, मी ते घरात आईला मोठ्यानं वाचून दाखवायचो. हळदीच्या भावावर काही आलं की विट्याचे सर टीप लिहिणारच. त्यांचा फोन नंबर माझ्याकडे नाही, कधी लागलाच नाही ना.

दुपारी ओपीएमएल फाईल काढून घेतली, पण तिच्यात फक्त फीडची यादी येते, इतक्या वर्षांच्या टिपा कुठंच नाहीत. लई वाईट वाटलं. लेख तेवढेच आहेत पण आज एकही पूर्ण वाचला नाही.

ताई, सर, तुम्ही इथं फेसबुकवर असाल तर प्लीज मेसेज करा, मी वाट बघतोय.