कृपया, पुढे चालू ठेवा

गळ्यात ओळखपत्र अडकवलेला कुणी दारात उभा राहून "इकडून नाही, तिकडून" म्हणाला, की आपण निमूट तिकडे वळतो. ओळखपत्र कसलं आहे, हे वाचायच्या फंदात कोण पडतं? हात ठामपणे दाखवला की झालं. मानसशास्त्रज्ञ लिओनार्ड बिकमन यांनी न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या रस्त्यावर हेच करून पाहिलं होतं. त्यांचा माणूस येणाऱ्या-जाणाऱ्यांना पिशवी उचलायला सांगायचा, नाहीतर एका अनोळखी माणसाला पार्किंगसाठी नाणं द्यायला लावायचा. तो साध्या कपड्यांत असो वा दूधवाल्याच्या, त्यापेक्षा रखवालदाराच्या गणवेशात असला की लोक त्याचं जास्त ऐकत.

इथवर गंमत आहे. पुढे मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम भेटतात. येल विद्यापीठातला त्यांचा १९६१चा प्रयोग आठवला की सगळे ४५० व्होल्टबद्दल बोलतात. मला मात्र १५ हा आकडा जास्त घाबरवतो. यंत्रावर ३० कळा, प्रत्येक आधीच्यापेक्षा १५ व्होल्टनं वरची. पलीकडच्या खोलीतल्या माणसाचं उत्तर चुकलं की प्रयोगात भाग घेणाऱ्यानं त्याला विजेचा झटका द्यायला पुढची कळ दाबायची. झटके खोटे होते, पण दाबणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. ४०पैकी २६ जण शेवटच्या कळेपर्यंत गेले. ही माणसं काही उलट्या काळजाची नव्हती. घामाघूम होत होती, थरथरत होती, काही तर उगाचच हसत सुटली होती. पण २८५ची कळ दाबून झालेल्यानं ३००ला कुठल्या तोंडानं नाही म्हणायचं? नाही म्हटलं, तर आधी १९ वेळा दाबलं ते काय होतं, याचा जाब स्वतःलाच द्यावा लागतो. त्यापेक्षा विसावी कळ सोपी.

आणि शेजारी बसलेला, प्रयोग घेणारा करड्या कोटातला माणूस कधी आवाज चढवत नव्हता. "कृपया, पुढे चालू ठेवा." एवढंच. तेवढ्यानं भागलं नाही तर आणखी तीन ठरावीक वाक्यं होती, शेवटचं सर्वांत कडक: तुमच्यापुढे दुसरा पर्याय नाही. जेरी बर्गर या मानसशास्त्रज्ञांनी याच प्रयोगाची १५० व्होल्टवर थांबणारी सौम्य आवृत्ती केली (ती २००९मध्ये प्रसिद्ध झाली), तेव्हा हे शेवटचं वाक्य ऐकल्यावर एकही जण पुढे गेला नाही. उघड हुकूम आला की माणूस अडतो. अजिजीनं सांगितलेलं मोडताना मात्र त्याला आपणच उद्धट ठरू असं वाटतं. भिडेपोटी माणूस काय काय करेल, याचा नेम नाही.

मिलग्रॅमच्याच एका फेरीत कोटवाला खोलीबाहेर जाऊन फोनवरून सूचना देऊ लागला. शेवटपर्यंत जाणाऱ्यांचं प्रमाण एकपंचमांशावर आलं. त्यातही काही बहाद्दर फोनवर "हो हो, वाढवतोय" म्हणत राहिले आणि हळूच खालचीच कळ दाबत राहिले. नाही म्हणायचं धाडस नव्हतं, खोटं बोलायचं मात्र होतं. मला ही मंडळी फार आवडतात.