रशियन चालतो, मग ती का नाही?

पर्वरीला आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एक रशियन जोडपं कित्येक हिवाळे राहून गेलं. नवरा उघड्या अंगाने, अर्ध्या चड्डीवर गेटपर्यंत पाव आणायला जायचा. बायका हसायच्या, वॉचमन सलाम ठोकायचा. त्यांची कागदपत्रं पाहावीत असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. गोरा माणूस उघडा फिरला की तो योगा करतो, एवढं आमचं सगळ्यांचं ठरलेलं.

यंदा त्याच इमारतीत एका फ्लॅटसाठी टांझानियाची एक मुलगी आली. ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात शिकते. रविवारी आमच्या प्रोटेस्टंट चर्चच्या मराठी उपासनेला येते. मराठी तिला फारसं कळत नाही, पण गीतांच्या चाली ओळखीच्या निघतात, मग ती तिच्या स्वाहिली शब्दांत मागून सूर धरते. तिला हॉस्टेल सोडून खोली हवी होती. एजंटने मला फोनवर सरळ सांगितलं, "मॅडम, आफ्रिकन सोडून कोणालाही आणा." शेवटी आमच्याच इमारतीतल्या एक म्हाताऱ्या कॅथलिक बाई तयार झाल्या. मुलं परदेशात, फ्लॅट रिकामा. भाडं ठरलं, आणि दोन दिवसांत सोसायटीच्या ग्रुपवर मिटिंगचा मेसेज येऊन पडला.

लोक का बिचकतात हे मला माहीत नाही असं नाही. 2013 च्या ऑक्टोबरअखेर पर्रा गावात एका नायजेरियन माणसाचा खून झाला. त्याच्या देशबांधवांनी मृतदेह घेऊन पर्वरीला महामार्ग अडवला, मग स्थानिकांचा जमाव आणि त्यांच्यात मारामारी झाली. सरकारातल्या एका मंत्र्याने या लोकांना कॅन्सरची उपमा दिली आणि नंतर दिलगिरी व्यक्त केली. नायजेरियनांना नको म्हणा, ड्रग्जना नको म्हणा, अशा अर्थाचे फलक लागले. खून झाला होता त्यांच्यातल्या माणसाचा, आणि घरं बंद झाली तीही त्यांच्याचसाठी. नायजेरिया कुठे, टांझानिया कुठे! एक खंडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, दुसरा पूर्वेच्या. पण एजंटच्या डायरीत दोन्ही एकाच पानावर.

मिटिंग खाली पार्किंगमध्ये झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्ये टीपॉय, त्यावर सेक्रेटरींचं लांब रजिस्टर आणि उडू नये म्हणून ठेवलेली कुलपाची चावी. मी मिरजेची, मिशन हॉस्पिटलात शिकलेली नर्स. लग्न होऊन गोव्यात आले, नोकरी संपली, आता गुडघे धरून बसते. मिटिंगमध्ये सहसा लिफ्टच्या मेंटेनन्सपलीकडे तोंड उघडत नाही. त्या दिवशी उघडलं.

"पोलिसांचं लफडं होईल," एकजण म्हणाले. मी म्हटलं, परदेशी माणूस घरात ठेवला की चोवीस तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरायची असते, सी-फॉर्म म्हणायचे त्याला. रशियनांचा भरला होता का? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. "लहान मुलं आहेत इमारतीत," दुसऱ्या बाई म्हणाल्या. मुलं तेव्हाही होती. "जेवणाचा वास येतो त्यांच्या." यावर मात्र मला हसू आलं, आमच्या जिन्यात सुक्या बांगड्याचा वास पावसाळाभर मुक्कामाला असतो. शेवटी आमच्या मजल्यावरची शेजारीण, मनाने फार चांगली बाई, माझा हात दाबून म्हणाली, "कित्याक उगीच तरास करून घेता गो, बाय?"

सेक्रेटरींनी ठराव वाचला: परदेशी भाडेकरू ठेवण्यापूर्वी समितीची परवानगी घ्यावी. आफ्रिका हा शब्द त्यात कुठेच नव्हता. लिहिणाऱ्याला अक्कल होती. मी म्हटलं, माझा विरोध रजिस्टरमध्ये नोंदवा, आणि कारणही लिहा: हा ठराव एका मुलीच्या रंगामुळे आणला आहे. सेक्रेटरी म्हणाले, "असं कसं लिहिणार काकी?" मी म्हटलं, मी सांगते तसं लिहा, सही मी करते. त्यांनी विरोध लिहिला, कारण गाळलं. मग पेन मी घेतलं आणि सहीच्या शेजारी ते वाक्य माझ्या हाताने लिहून टाकलं. रजिस्टरमध्ये ते आहे, कुणालाही बघता येईल.

ठराव मंजूर झाला. म्हाताऱ्या बाईंना नंतर इतके फोन गेले की त्यांनीच माघार घेतली. त्यांना मी दोष देत नाही; एकट्या बाईने रात्री अकराला कुणाकुणाशी बोलायचं?

पण मला जास्त लागलं ते सोसायटीचं नाही, आमच्या मंडळीचं, म्हणजे चर्चमधल्या आपल्याच लोकांचं. महिन्यातून एकदा उपासनेनंतर प्रीतिभोजन असतं. सगळ्यांना स्टीलची ताटं. ती मुलगी रांगेत आली तेव्हा वाढणाऱ्या बाईने तिला कागदी प्लेट दिली. "पाहुणी आहे ना," असं वर म्हणाली. त्या दिवशी मुंबईहून आलेल्या पाहुण्यांच्या हातात मात्र स्टीलचं ताट होतं. मी माझं ताट त्या मुलीला दिलं आणि कागदी प्लेट उचलून वाढणाऱ्या बाईसमोर धरली. वरण पातळ होतं, प्लेट मधोमध वाकली, साडीवर डाग पडला. पलीकडे उभ्या असलेल्या एल्डरांना, म्हणजे मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना, मी तिथल्या तिथे, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं की हे कागदी ताट कुणाच्या सांगण्यावरून निघालं. त्यांना राग आला. अजून आहे.

माझी आजी सांगलीकडच्या खेड्यातली, मांगवाड्यातली. बाप्तिस्मा झाला, नाव बदललं, पण प्रार्थनेला जमलेल्या ख्रिस्ती लोकांतसुद्धा पाण्याचा घडा वेगळा होता, असं ती सांगायची. ज्यांचा घडा वेगळा होता त्यांचीच नातवंडं आता ताटं वेगळी काढणार असतील, तर कसल्या प्रीतीचं भोजन!

येशूच्या दोन प्रेषितांची, पौलाची आणि पेत्राची, जुंपली ती याच गोष्टीवरून. बायबलात गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढून बघा. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवत होता. यरुशलेमेकडून यहुदी माणसं आली तसा तो हळूच बाजूला सरकला. त्याने कुणाला मारलं नाही, हाकललं नाही, नुसतं ताट हलवलं. आणि पौल त्याला चारचौघांत, तोंडावर आडवा गेला. पेत्राला, म्हणजे ज्याला प्रभूने खडक म्हटलं त्याला! विश्वासात धैर्य धरा म्हणून आम्ही गातो तेव्हा डोळ्यांपुढे रोमी शिपाई आणि सिंह असतात. आपल्याच पंगतीतल्या एल्डरांचं तोंड कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही.

पाळकसाहेबांना भेटले. भला माणूस. म्हणाले, "तुमचं खरं आहे, पण ही वेळ नाही. मंडळी लहान आहे, फुटेल." मला काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे मार्टिन ल्यूथर किंग आठवले. एप्रिल 1963 मध्ये अमेरिकेत बर्मिंगहॅमच्या तुरुंगात होते, तेव्हा त्याच राज्यातल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी जाहीर निवेदन काढलं, की ही निदर्शनं शहाणपणाची नाहीत आणि त्यांची ही वेळही नाही. किंगनी तुरुंगातून त्यांना लांबलचक उत्तर लिहिलं. मी लांबलचक काही लिहिलं नाही. पाळकसाहेबांना एवढंच विचारलं, पुढचा उपदेश बायबलातल्या गणना या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायावर घ्याल का?

त्यांनी घेतला, हे त्यांचं मोठेपण. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे, त्याने कूशी बायको केली, म्हणजे आजच्या सुदान-इथिओपियाकडची, म्हणून त्याची सख्खी बहीण मिर्याम कुरकुर करते. देव रागावतो आणि मिर्यामेच्या अंगावर कोड उठतं, ती बर्फासारखी पांढरीफटक होते. सात दिवस छावणीबाहेर. गोरेपणाची एवढी हौस होती ना, घे! (हे माझं, पाळकसाहेबांचं नाही. ते सभ्य आहेत.) गोऱ्या सुनेसाठी क्रीम शोधणाऱ्या आमच्या बायका त्या रविवारी खाली मान घालून बसल्या होत्या.

कॅथलिक शेजारीण म्हणते, आमच्या चर्चमध्ये असलं नसतं. तिला मी मातेउस दे कास्त्रोची गोष्ट सांगितली. दिवाडी बेटावरचा हा मुलगा. गोव्याच्या आर्चबिशपनी त्याला पाद्री करायला नकार दिला, म्हणून तो थेट रोमला गेला. तिथे पाद्री झाला आणि 1637 मध्ये बिशप झाला, लॅटिन पंथातला पहिला भारतीय. परत आला तर पोर्तुगीज त्याला मानायला तयार नाहीत. पुढे 1787 मध्ये कांदोळीच्या पिंटोंच्या पोर्तुगीजांविरुद्धच्या कटातले पाद्रीही याच कारणाने पेटले होते: वरच्या जागा गोऱ्यांना, आपण कायम खाली. कट फुटला, पुढच्या वर्षी पणजीत पंधराजणांना फासावर चढवलं. शेजारीण ऐकत राहिली, मग म्हणाली, "आनी गांवकारांच्या कोंफ्रारींत कोणाक घेतात, तें म्हाका खबर आसा." कोंफ्रारी म्हणजे चर्चमधली बंधुमंडळी, गांवकार म्हणजे गावातली जुनी मानाची घराणी. पुढे ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

ती मुलगी सध्या माझ्याकडे आहे, मागच्या खोलीत. नातेवाईक म्हणून ठेवली आहे, भाडेकरू म्हणून नाही, त्यामुळे ठरावाला चावायला जागा नाही. माहिती अर्थातच चोवीस तासांच्या आत भरली. गणपतीत मोदकांचं ताट यंदाही आलं, पण दारातूनच. एरवी तासभर गप्पा होतात. ती या सगळ्याला हसते. पणजीच्या बसमध्ये शेजारची सीट रिकामी राहते, पाय पसरून बसायला मिळतं, म्हणते. तशी हसते तेव्हा मी विषय बदलते.

माझी सून डिसेंबरात बाळंतपणाला येणार, तेव्हा ती खोली लागेल. पर्वरी, म्हापसा किंवा ताळगावच्या बाजूला कुणाकडे एक खोली, पाणी आणि बऱ्यापैकी नेट असेल तर इथे खाली कळवा. मुलगी शाकाहारी नाही, रात्री उशिरापर्यंत अभ्यास करते, भाडं एक तारखेला देते. फॉर्म भरायला मी स्वतः येऊन बसेन.