आमची वाटचाल: शहापूरच्या दुकानातून

बेळगावात शहापूरला बाबांनी दुकान काढलं ते रेडिओ दुरुस्तीचं. आधी व्हॉल्व्हचे, मग ट्रान्झिस्टरचे, पुढे टेप आणि अ‍ॅम्प्लिफायर. गणपतीत मंडळांची कामं असायची. ती माझ्या हाती दुकान आल्यावर बंद केली. मला तो दणदणाट सोसत नाही, आणि गणपतीचे पैसे दिवाळीपर्यंत मागत फिरणं त्याहून सोसत नाही.

घरच्या सिस्टीमकडे वळवलं सीडी प्लेअरनं. गोव्याहून, आखातातून लोक घेऊन यायचे आणि बाबांच्या काळातल्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडायचे. त्या अ‍ॅम्पला पूर्ण आवाजासाठी दीड-दोनशे मिलिव्होल्ट पुरतात. सीडी प्लेअर देतो 2 व्होल्ट. म्हणजे 20 डेसिबल जादा. नॉबला हात लागला की घर हादरणार. "काय पॉवर आहे बघा!" गिऱ्हाईक खूश. पॉवर होती तेवढीच, नॉब मात्र तळाला अडकलेला. तळाशी कार्बन पॉटचे (नॉबमागचा आवाज कमी-जास्त करणारा भाग) डावा-उजवा असे दोन ट्रॅक सहसा जुळत नाहीत, त्यामुळे गाणारा एका बाजूला सरकतो. यावर आम्ही दुकानातच प्लेअर आणि अ‍ॅम्पच्या मध्ये घालायला दोन रेझिस्टन्सचा तुकडा बनवू लागलो: 9.1 किलोओहम आणि 1 किलोओहम, की 20 डेसिबल उतरले. खर्च चहाएवढा.

आता उलटं दुखणं. मोबाइलचा आवाज निम्म्यावर आणि अ‍ॅम्प पूर्ण, मग 'हिस येतोय', म्हणजे मागे सरसर ऐकू येते, म्हणून फोन. 16 बिटच्या डिजिटल गाण्यात हळू ते मोठ्या आवाजाला सुमारे 96 डेसिबलची जागा असते. आवाज डिजिटलमध्ये उतरवला की दर 6 डेसिबलला एक बिट जातो. पण हल्लीचे डॅक (डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग आवाज करणारी चिप) 24 बिटचे, 10-12 डेसिबल डिजिटलमध्ये उतरवले तर बिटांसाठी रडायचं कारण नाही. इंटरनेटवर वाचून आलेल्यांना हे पटवताना माझा घसा बसतो. खरी भानगड अ‍ॅनालॉगमध्ये: गाणं खाली जातं, डॅकची स्वतःची सरसर आहे तिथंच राहते, आणि अ‍ॅम्प दोन्ही मिळून वर उचलतो.

म्हणून मोबाइल पूर्ण ठेवायचा, फार ठोकून रेकॉर्ड केलेल्या नव्या गाण्यांना 3 डेसिबल खाली. रोजच्या ऐकण्याला नॉब घड्याळातल्या दहा ते बारामध्ये यावा. तरीही जास्त वाटलं तर आधी तो तुकडा, उरलेलं डिजिटलमध्ये.

खानापूरकडच्या पावसात पॉट खरखरतात. क्लीनर मारतो. पण साफ करूनही महिन्याभरात खरखर परत आली तर पॉटला दोष देऊ नका. बहुतेक वेळा पॉटच्या आधीचा, डीसी म्हणजे एकाच दिशेची वीज अडवणारा कपॅसिटर गळून ती पॉटवर येत असते.

सध्या मागणी रिमोटची. "खुर्चीतून उठवत नाही हो," म्हणतात ज्येष्ठ मंडळी. जुन्या अ‍ॅम्पला मोटरवाला पॉट बसवून देतो. तो परवडत नसेल तर आवाज खुशाल मोबाइलवरून कमी-जास्त करा. फक्त अ‍ॅम्पचा नॉब असा लावून घ्या, की मोठ्यात मोठं ऐकताना मोबाइल पूर्ण असेल. निपाणी-खानापूरला घरी येऊन लावून देतो. जाण्यायेण्याचा खर्च वेगळा.