थांबलेल्या गाडीतली झोप

गाडीत झोप येणं आणि गाडीत झोपणं ह्या दोन पार वेगळ्या गोष्टी आहेत. चालत्या गाडीत शेजारच्या सीटवर बायको दहा मिनिटांत मान टाकते, बेल्टवर गाल, तोंड उघडं, आणि तीच सीट, तीच बायको, पण गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं की टक्क जागी.

त्या रात्री थांबलो ते नाइलाजानेच. अडीच वाजले होते आणि मागचं वळण मी कधी घेतलं तेच आठवेना, म्हटल्यावर ती म्हणाली बास झालं, घे आता बाजूला. बरोबरच होतं तिचं. 80 च्या स्पीडला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते, म्हणजे 3 सेकंद डोळा लागला तर 66 मीटर गाडी देवाच्या भरवशावर.

मग उजेड आणि माणसांची जाग असलेलं पार्किंग बघून थांबलो. मी मागे गेलो. सीट सव्वा मीटर, मी पावणेदोन मीटर, उरलेला अर्धा मीटर कुठे ठेवायचा ह्यातच अर्धा तास गेला. गुडघे पोटाशी घेतले तर बेल्टचं बक्कल बरोबर बरगडीत, सरळ केले तर पाय दारावर. इतकी वर्षं गाडी वापरतोय पण ते बक्कल इतकं टोकदार आहे हे माहितीच नव्हतं.

उकडायला लागलं तशी ती म्हणाली, एसी लाव ना थोडा वेळ. इथे मात्र मी ऐकलं नाही. एसीसाठी इंजिन चालू ठेवावं लागतं, त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड ह्या विषारी वायूला ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटीहून जास्त घट्ट धरतो, झोपलेल्या माणसाला कळणार तरी कसं? मग काचा बोटभर खाली. त्या बोटभर फटीतून हवा किती आली माहीत नाही, डास मात्र रांगेने आले.

जरा डोळा लागतोय तोच गाडी बोंबलायला लागली! मी शहाणपणाने रिमोटने लॉक केलेलं. काही गाड्यांना आतली हालचाल टिपणारा सेन्सर असतो, तो रिमोटने लॉक केलं की जागा होतो (दाराचं आतलं बटण दाबायचं असतं, हे नंतर कळलं), आणि हिने कूस बदलल्यावर त्याने आम्हालाच चोर ठरवलं. आख्खं पार्किंग उठलं, आम्ही दोघं चादर डोक्यावर घेऊन गपगार.

त्यानंतर कधीतरी झोप लागली असणार, कारण जाग आली तेव्हा उजाडलं होतं आणि काचा आमच्याच श्वासाने पांढऱ्या झाल्या होत्या. मान एका बाजूलाच वळत होती. उठल्या उठल्या डोकं पूर्ण जागं नसतं म्हणून पंधरा-वीस मिनिटं फेऱ्या मारल्या, काचा पुसल्या, निघालो. ती म्हणाली, रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला माझ्या, आता तू बोलत रहा काहीतरी.

मी बोलायला लागलो. तिसऱ्या किलोमीटरला बघतो तर बेल्टवर गाल.