साळुंकी की काबर?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या गॅलरीत रोज सकाळी साळुंक्यांची जोडी येते. चिमणीसारख्या टुणटुण उड्या नाहीत, एकामागून एक पाय टाकत ऐटीत चालत येतात. चोच पिवळी, पाय पिवळे, डोळ्यामागची उघडी कातडीही पिवळीधमक.

आजी साळुंकी म्हणायची, शेजारच्या गुजराती बा काबर म्हणायच्या. लहानपणी मला हे दोन वेगळे पक्षी वाटत, एक आमचा, एक त्यांचा. त्यात आजी महादेवाच्या पिंडीखालच्या दगडाला शाळुंका म्हणे आणि वर्गात साळुंखेही होते, सोलंकीही. डोक्यात नुसता गुंता! ही आडनावं चालुक्यांशी नातं सांगतात. आपला पक्षी मात्र संस्कृतातल्या सारिकेच्या घरचा. पोपटाला आणि सारिकेला बोलायला शिकवणं ही चौसष्ट कलांतली एक कला. तीच जोडी आपल्याकडे राघू-मैना झाली आणि लावणीत शिरून मैना प्रेयसी झाली. लाडक्या लेकीलाही मैना म्हणतात. साळुंकी म्हणून हाक मारलेली मी तरी ऐकली नाही, याचं मला वाईट वाटतं.

शास्त्रीय नाव अ‍ॅक्रिडोथेरिस ट्रिस्टिस. पहिला शब्द म्हणजे टोळांची शिकार करणारा. तो लगेच पटतो, पावसाळ्यात कमाटीबागेच्या हिरवळीवर ती नाकतोडे टिपताना बघावी. दुसरा शब्द लिनियसने १७६६ साली दिला, अर्थ उदास. तपकिरी रंगामुळे असेल. पण शाळेत आम्हीही एकटी साळुंकी दिसली की दिवस वाईट जाणार म्हणायचो, आणि जोडीदार सापडेपर्यंत मान वळवून शोधत राहायचो.

काबर या नावाचा अर्थ मला फार उशिरा कळला. काबरं म्हणजे ठिपक्यांचं, मिश्र रंगांचं, मुळात संस्कृत कर्बुर. कठड्यावर बसलेल्या साळुंकीत काबरं काहीच दिसत नाही. परवा कुकरची शिट्टी झाली, दोघी दचकून उडाल्या आणि पंखांतले पांढरे पट्टे लख्ख उघडले. बा तिला उडताना बघत असणार.

माझी नात तीन वर्षांची, सूनबाई गुजराती. पक्षी आला की नात माझ्याकडे बघून "साळुंकी" म्हणते, लगेच आईकडे वळून "काबर".