आजीच्या बांगडीतल्या पिना आणि वडाळ्याची वारी

यंदा आषाढीला लालबागहून वडाळ्याला चालत गेले. दरवर्षी आजी जायची, लहानपणी मी पण तिचा पदर धरून जायचे, मग कॉलेज, नोकरी, लोकलची धावपळ, राहूनच गेलं. फेब्रुवारीत आजी गेली. म्हणून यंदा सुट्टी टाकली आणि पहाटे साडेपाचला चाळीखाली उतरले, आमच्या गल्लीतल्या दिंडीबरोबर, वीसेक माणसं, एक मृदंग, बाकी सगळ्यांच्या हातात टाळ.

कोणी म्हणेल ही कसली वारी, जेमतेम पाच-सहा किलोमीटर. आळंदीहून माउलींची पालखी जवळपास अडीचशे किलोमीटर चालते, आजीलाही ते एकदा करायचं होतं, पण ते दिवस म्हणजे शाळा नुकतीच सुरू झालेली, पहिलीचा नवीन वर्ग रडत बसलेला, तो टाकून ती दोन-तीन आठवडे जाणार कशी? आणि रिटायर झाली तोवर गुडघे गेले. मग तिचं पंढरपूर वडाळ्यालाच. तसंही त्या विठ्ठल मंदिराला लोक प्रतिपंढरपूर म्हणतातच.

म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायची ती, वर्गात बहुतेक पोरं गिरणी कामगारांची. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले आणि तिच्या वर्गातली बाकं एकेक करून रिकामी व्हायला लागली, कोणी कोकणात गेलं, कोणी साताऱ्याकडे. दाखला न्यायला आलेल्या बापाशी काय बोलावं सुचायचं नाही म्हणायची, पोराच्या हातात नवी पाटी द्यायची आणि सांगायची, गावी गेल्यावर आधी शाळेत नाव घाल. त्या वर्षी शाळेची दिंडी अर्धीच निघाली, हे तिच्या मनातून कधी गेलं नाही.

दिंडीच्या आदल्या दिवशी वर्गात गोष्ट ठरलेली, साने गुरुजींची. पंढरपूरच्या देवळात अस्पृश्यांना आत घेत नव्हते म्हणून १९४७ साली गुरुजी उपोषणाला बसले आणि शेवटी देऊळ सगळ्यांसाठी उघडलं. मग विचारायची, उद्या पालखीला खांदा कोण देणार? सगळे हात वर. आणि सगळ्यांना मिळायचा, दोन-दोन मिनिटं का होईना. माझ्या मते तिने आयुष्यभर शिकवलं त्यातलं सगळ्यात मोठं हेच.

हिंदमाताला नेहमीप्रमाणे पाणी, घोट्यापर्यंत. सलवार वर धरायला हात खाली केला तर आजीच्या बांगडीतल्या पिना वाजल्या. ती गेली त्या दिवशी हॉस्पिटलमधून तिच्या बांगड्या प्लास्टिकच्या पिशवीत मिळाल्या, त्यातल्या एकीला चार सेफ्टी पिना तशाच अडकवलेल्या, एक थोडी गंजलेली. कोणाच्या युनिफॉर्मचं बटण तुटलं, कोणाच्या दप्तराचा बंद सुटला, आजीचा हात आधी बांगडीकडेच जायचा. त्या पिना काढायचा कोणालाच धीर झाला नाही, मी बांगडी तशीच घातली.

दादर टीटीहून उजवीकडे पारसी कॉलनीत शिरलो आणि एकदम शांत झालं, मोठी मोठी झाडं, पानांवरून ठिबकणारं पाणी, आणि फाइव्ह गार्डन्सजवळ एका शाळेची दिंडी भेटली, नऊवारीतल्या मुली डोक्यावर तुळस घेऊन, मुलगे धोतर सावरत. एक मुलगी फूटपाथवर बसलेली, चपलेचा अंगठा तुटला होता, डोळ्यांत पाणी, तुळस मात्र घट्ट धरलेली. मी खाली बसले आणि पिन काढली. गंजलेलीच निघाली, नीट उघडेना, दुसरी काढली, पट्टा खालून ओवून टाचला. तिने पाय आपटून बघितला आणि पळाली, दोन पावलांवर थांबून म्हणाली, "मावशी, पिन परत देऊ का?" मला बोलताच आलं नाही, नुसती मान हलवली.

पुढे कात्रक रोडवर लाइन एवढी मोठी की आमच्यातल्या वयस्कर माणसांनी लांबूनच हात जोडले, मी पण. कोणीतरी हातावर राजगिऱ्याचा लाडू ठेवला.

घरी आल्यावर आईने विचारलं, दर्शन झालं का नीट? म्हटलं लांबून झालं. तिचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं, पिना मोजल्या तिने, मी मुलीचं सांगितलं. काही बोलली नाही, स्वतःच्या मंगळसूत्राची एक पिन काढून माझ्या बांगडीत अडकवली आणि खिचडी गरम करायला आत गेली.