कॅश शेजारी, डाउनलोड बाहेरून

कॉलेजच्या लॅबमधल्या चाळीस मशिन्स मी सांभाळतो. सगळीकडे डेबियन लिनक्स. तेच सॉफ्टवेअर पॅकेज चाळीसदा बाहेरून ओढायला नको म्हणून कोपऱ्यातल्या जुन्या डब्यावर एपीटी-कॅशर-एनजी बसवलंय, पोर्ट ३१४२. हा प्रॉक्सी, म्हणजे डाउनलोड साठवून वाटणारा मध्यस्थ. पहिल्याने मागवलेलं बाहेरून येतं, बाकीच्यांना लॅनवरून मिळतं.

आधी मी त्याचा पत्ता कॉन्फिगमध्ये हाताने लिहायचो. मुलांनी तीच ओळ लॅपटॉपवर उतरवली आणि रात्री होस्टेलवरून फोन: "सर, अपडेट होतच नाहीये." होणार कसं? लॅबमधला डबा होस्टेलवर कुठून दिसणार!

मग एपीटीच्या, म्हणजे डेबियनवर पॅकेज उतरवणाऱ्या प्रोग्रामच्या, प्रॉक्सी-ऑटो-डिटेक्ट सेटिंगला एक स्क्रिप्ट जोडली. ती अवाहीला, म्हणजे नेटवर्कवर कोण काय सेवा देतंय ते शोधणाऱ्या प्रोग्रामला, विचारते, प्रॉक्सी आहे का कुणी? असला तर पत्ता छापते, नसला तर 'डायरेक्ट', म्हणजे थेट बाहेरून घ्या. महिनाभर एकही फोन नाही. मी खूश.

वर्कशॉपच्या दिवशी साठेक लॅपटॉप वायफायवर आले आणि दहा मिनिटांत सगळं रांगायला लागलं. एरर मात्र एकाही स्क्रीनवर नाही. मला वाटलं कॅशर झोपला. लॉग उघडला तर तो मजेत चालू, पण त्यात फक्त केबलवरच्या मशिन्सचे पत्ते. वायफायवरचा एकही नाही.

एका मुलीच्या लॅपटॉपवर अवाही-ब्राउझ चालवलं. काही न छापता प्रॉम्प्ट परत. तेव्हा ट्यूब पेटली: वायफाय वेगळ्या सबनेटवर, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या तुकड्यावर होतं. अवाहीची हाक २२४.०.०.२५१ या मल्टिकास्ट पत्त्यावर जाते, ती राउटर ओलांडत नाही. उत्तर आलं नाही की स्क्रिप्ट गुपचूप 'डायरेक्ट' म्हणायची आणि साठजण एकाच लाइनवर तुटून पडायचे. ज्या सोयीचं मला कौतुक होतं, तिनेच घोळ झाकून ठेवला होता.

ऑटो-एपीटी-प्रॉक्सी नावाचं छोटं पॅकेज हे काम जास्त शहाणपणाने करतं. ते स्वतःच्या मशीनवर बघतं, गेटवेवर बघतं, 'एपीटी-प्रॉक्सी' नावाचं होस्टही शोधतं. मी राउटरच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीत, त्या नावाची एक ओळ टाकली, दोन्ही सबनेटमध्ये ३१४२ खुलं केलं आणि सगळ्यांना तेवढं पॅकेज टाकायला लावलं. लॉग धावायला लागला.

एकाचंच अडकलेलं राहिलं. बघितलं तर त्याने डीएनएस ८.८.८.८, म्हणजे गूगलचं, करून ठेवलेलं. त्याला आमचं 'एपीटी-प्रॉक्सी' कुठून माहीत असणार!

"सर, त्याने नेट फास्ट होतं ना."